शाळेंतील पंगत

शाळेच्या वेळापत्रकांत भाषा असते, गणित असतें, इतिहास-भूगोल असतो, खेळाचाही तास असतो. परंतु ज्या अर्ध्या-पाऊण तासांत मूल माणसांसंबंधीं सर्वांत अधिक शिकतें, त्या मधल्या सुटीच्या रकान्यांत मात्र एक आडवी रेघ ओढलेली असते. रेघ ओढणाऱ्याचा समज असा असतो कीं, त्या वेळांत शिकविणें बंद असतें. वस्तुतः बंद असतें तें शिक्षकांचें शिकविणें. मुलांचें शिकणें चालूच असतें. कोणाजवळ बसावें, कोणाजवळ बसूं नये, कोणाचा डबा पाहून नाक मुरडावें, वाढणाऱ्यास काय म्हणून हांक मारावी, पुन्हां मागणाऱ्यास हंसावें कीं नाहीं, हे सारे धडे त्या अर्ध्या तासांत होऊन जातात, आणि त्यांची परीक्षा पुढें जन्मभर चाललेली असते.

आमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत मुलांस जेवावें कसें हें शिकविलें जात नाहीं, असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं. हातपाय धुऊन बसावें. मचमच आवाज करूं नये. भाताचा पसारा करूं नये. भाजी अळणी झाली असली तरी तसें बोलूं नये. सर्वांचें वाढून होईपर्यंत आरंभ करूं नये आणि सर्वांचें आटोपेपर्यंत उठूं नये. ताटांत कांहीं टाकूं नये. हे नियम आम्ही ऐकत आलों आणि मुलांस ऐकवीत आलों. त्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत अन्नाचा मान आहे. आणि ज्या देशानें दुष्काळ वारंवार पाहिले, त्या देशांत हा मान भीतींतून उपजला असला तरी तो उपजला हें योग्यच झालें.

परंतु या सगळ्या नियमांची नीट यादी करून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हे नियम अन्नाविषयींचे आहेत. माणसांविषयींचे फारसे नाहींत. जिनें चुलीपुढें बसून तें अन्न शिजविलें तिला मुलानें काय म्हणावें, यासंबंधीं त्यांत एक अक्षरही नाहीं. ती बहुधा आईच असे. ती सर्वांच्या मागून जेवी, उरलेलें जेवी, आणि तिच्या ताटांत काय पडलें हें पाहण्याचा नियम मुलांस कोणीं घालून दिला नव्हता. दुसरें असें कीं, घरच्या पंगतींत शेजारीं कोण बसणार हें आधींच ठरलेलें असे. शेजारी निवडून घेतल्यावर शिष्टाचार पाळणें मुळींच अवघड नसतें.

शाळेच्या पंगतीचें तसें नाहीं. तेथें स्वयंपाक करणारी बाई कोणा दुसऱ्याची आई असते. शेजारी निवडतां येत नाहीं. आणि पलीकडच्या मुलानें सकाळीं घरीं कांहीं खाल्लें आहे कीं नाहीं हें कोणास ठाऊक नसतें. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, शाळेच्या पंगतींत मुलांस जो आदर शिकवावयाचा, तो ताटांतल्या अन्नाचा नंतर आणि ताटाभोंवतालच्या माणसांचा आधीं. शेजारचें माणूस, शिजविणारें माणूस आणि आपल्याहून अधिक भुकेलेलें माणूस, अशा तिघांचा तो आदर आहे.

हा विचार परका आहे असें कोणीं समजूं नये. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नासंबंधीं ओळीनें चार व्रतें सांगितलीं आहेत. अन्नाची निंदा करूं नये, हें पहिलें. अन्न अव्हेरूं नये, हें दुसरें. अन्न पुष्कळ करावें, हें तिसरें. इतकें झाल्यावर चवथें व्रत येतें तें मात्र माणसाचें आहे: वस्तीस आलेल्या कोणासही परत लावूं नये. यांपैकीं पहिलीं दोन व्रतें आमच्या घरांतून मुलांच्या अंगीं चांगलीं मुरलीं. तिसरें शेतकऱ्यानें सांभाळलें. चवथ्याचा अर्थ मात्र ज्यानें त्यानें सोयीप्रमाणें केला. ‘कोणासही’ या शब्दांतून कोणाकोणास वगळावयाचें, याची यादी प्रत्येक घरानें आपापली करून ठेवली.

ती यादी शाळेच्या दाराशीं थांबली नाहीं, आंतही शिरली. डॉ. आंबेडकर लहानपणीं साताऱ्यास असतांना शाळेंत त्यांस बसावयास घरून नेलेलें तरट वेगळें असे. आणि तहान लागली तर नळाची तोटी त्यांनीं स्वतः सोडावयाची नाहीं, शिपायानें सोडली तरच पाणी मिळावयाचें, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. त्या वर्गांत शिकविलेल्या कविता आणि सनावळ्या इतर मुलें पुढें विसरून गेलीं असतील. पण तोटीला हात कोणीं लावावयाचा आणि कोणीं लावावयाचा नाहीं, हा धडा त्यांतल्या एकालाही विसरतां आला नसेल.

त्याच साताऱ्यांत १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं वसतिगृह काढलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका छपराखालीं राहत आणि एका पंगतीस बसून जेवत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही विकलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिची करुणा सर्वांच्या ध्यानांत राहते. आम्हांस तिच्याइतकाच त्या पंगतीचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. एकत्र जेवणाचें महत्त्व सांगणारीं व्याख्यानें त्या काळीं पुष्कळ होत होतीं. भाऊरावांनीं तीच गोष्ट मुलांकडून दिवसांतून दोन वेळां, वर्षानुवर्षें करवून घेतली. व्याख्यान ऐकून मनुष्य टाळ्या वाजवितो. शेजारच्या ताटास आपलें ताट लागलें असतां रोज जेवला म्हणजे त्यास त्यांत विशेष कांहीं वाटेनासें होतें. शिक्षणाचें यश तें एवढेंच.

याच्या उलट उदाहरण त्याच वर्षांतलें, तमिळ प्रांतांतलें आहे. तिरुनेलवेलीजवळ चेरनमहादेवी येथें व. वे. सु. अय्यर यांनीं १९२२ सालीं राष्ट्रीय शिक्षणासाठीं एक गुरुकुल काढलें होतें. अय्यर हे क्षुद्र मनाचे गृहस्थ नव्हते. ते थोर विद्वान होते आणि देशासाठीं पांडिचेरीस त्यांनीं वर्षानुवर्षें अज्ञातवासाप्रमाणें दिवस काढले होते. परंतु पालकांच्या हट्टासाठीं दोन ब्राह्मण मुलांचें जेवण वेगळें ठेवण्यास त्यांनीं संमति दिली. दोनच मुलें, आणि तीं जेवणापुरतींच वेगळीं. पण त्या दोन ताटांवरून १९२४-२५ सालीं तमिळ प्रांताच्या काँग्रेसमध्यें मोठें वादळ उठलें, आणि पेरियार रामस्वामी यांनीं १९२५ च्या अखेरीस काँग्रेस सोडली त्याच्या कारणांत या पंगतीचाही वांटा होता. इतक्या थोड्यासाठीं एवढा गहजब कशाला, असें तेव्हांही म्हणणारे होते. त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली नाहीं. दोन ताटें बाजूस मांडलीं म्हणजे तीं त्या दोन मुलांशीं बोलत नाहींत. उरलेल्या सगळ्या ताटांशीं बोलतात.

हे सगळें आम्ही शंभर वर्षांपूर्वींचें म्हणून सांगत बसलों नसतों, जर पंगतीचा हा प्रश्न अगदीं आपल्या काळांत, सरकारी खर्चानें, देशांतील लाखों शाळांत पुन्हां उभा राहिला नसता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारनें प्राथमिक शाळांतील मुलांसाठीं पोषण आहाराची योजना सुरू केली. आरंभीं बहुतेक ठिकाणीं मुलांस कोरडें धान्यच मिळे. आमच्याकडे महिन्याकाठीं तीन किलो तांदूळ पिशवींत घालून मुलें घरीं नेत. तांदूळ घरीं नेण्यांत पंगत नव्हती, म्हणून त्याला शिष्टाचारही लागत नव्हता. पुढें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम केला कीं, मुलांस शिजविलेलें अन्न शाळेंतच द्यावें. आणि २००४ च्या एप्रिलमध्यें आणखी सांगितलें कीं, स्वयंपाकाच्या कामीं दलित व आदिवासी यांस प्राधान्य असावें. २०२१ सालीं या योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असें लांबलचक नांव मिळालें. पण महाराष्ट्रांतील पोरांनीं तिचें नांव केव्हांच ‘खिचडी’ असें ठेवून दिलें आहे. पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, असें तिचें माप आहे. डाळ-तांदळाचें माप कागदावर बसवितां येतें. एका बाईच्या हातचें अन्न साऱ्या गांवच्या मुलांनीं एकत्र बसून खाण्याचें माप कोठल्याही परिपत्रकांत लिहितां येत नाहीं. तें शाळेलाच बसवावें लागतें.

तें बसविलें नाहीं म्हणजे काय होतें, हें २०२१ च्या डिसेंबरांत उत्तराखंडांतील चंपावत जिल्ह्यांत सर्व देशानें पाहिलें. तेथील एका शाळेंत स्वयंपाकास दलित बाई नेमली, तेव्हां वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या मुलांनीं तिच्या हातचें जेवण नाकारून घरून डबे आणण्यास सुरुवात केली. नेमणुकींत दोष काढून बाईस दूर करण्यांत आलें. मग तिच्या जागीं आलेल्या बाईच्या हातचें खाण्याचें दलित मुलांनीं नाकारलें. प्रकरणाचा फार बोभाटा झाल्यावर पहिल्या बाईस पुन्हां कामावर घेतलें. न्याय झाला, हें ठीकच झालें. पण त्या दिवसांत त्या अंगणांत बसून मुलें एकमेकांविषयीं काय शिकलीं असतील, याचा विचार केला म्हणजे मन उदास होतें. आपलें ताट दूर सारावें हें बारा-तेरा वर्षांच्या मुलास स्वतः होऊन सुचत नाहीं. तें त्यास घरांतून सांगितलेलें असतें. आणि शाळेंत त्याला तोडीस तोड असें कोणीं कांहीं सांगितलेलें नसतें.

तोडीस तोड सांगणें म्हणजे तरी काय, हा खरा प्रश्न आहे. कारण आदर शिकवावयाचा म्हटला कीं आमच्या शाळांस प्रथम भिंत आठवते. भिंतीवर सुविचार लिहिला, प्रार्थनेच्या वेळीं एक गोष्ट सांगितली, म्हणजे काम झालें असें वाटतें. आमच्या घराची मागची खिडकी एका जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणावर उघडते. त्यामुळें तेथील मधली सुटी आम्ही गेलीं कित्येक वर्षें पाहत आणि ऐकत आलों आहों. त्या शाळेच्या भिंतीवरही अन्नदानाचें माहात्म्य निळ्या रंगांत लिहिलेलें होतें. त्याच भिंतीखालीं मुलें ताटल्या बडवून “ए खिचडीवाली, वाढ कीं!” असा पुकारा करीत. ती बाई अकरा वर्षें तेथें रांधीत होती. तिचें नांव मुलांस ठाऊक नव्हतें. जेवण शिक्षकांनीं आधीं चाखावें आणि मग मुलांस वाढावें असा नियम आहे, आणि तोही तेथें पाळला जात होता. म्हणजे एक गुरुजी उभ्या उभ्या तळहातावर चमचाभर खिचडी घेत, नोंदवहींत सही करीत आणि कचेरींत जाऊन आपला डबा उघडीत. मुलांनीं यावरून काय समजावें? हें अन्न तपासण्याचें आहे, जेवण्याचें नव्हे, असेंच तीं समजत.

पुढें तेथें नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनीं भाषण केलें नाहीं. पहिल्याच दिवशीं आपली ताटली घेऊन त्या पोरांच्या ओळींत, मिळाली त्या जागीं तरटावर बसल्या, आणि वाढणारीस म्हणाल्या, “मावशी, आधीं थोडीच वाढा हं, मग घेईन.” एवढ्या एका वाक्यानें त्या अंगणांत जें झालें तें भिंतीवरच्या निळ्या अक्षरांना इतक्या वर्षांत साधलें नव्हतें. आठवडाभरांत निम्मीं पोरें मावशी म्हणूं लागलीं. महिन्यानें ‘खिचडीवाली’ हा शब्द कानीं पडेनासा झाला. फळ्यावर रोज तारीख आणि हजेरी लिहीत, त्याखालीं आणखी एक ओळ येऊं लागली: आज काय शिजविलें आहे आणि कोणीं शिजविलें आहे. मावशींना वाचतां येत होतें, पण सावकाश. फळ्यापुढें त्या रोज जितका वेळ उभ्या राहत, तितका त्या ओळीला लागत नसावा.

आणखी एक गोष्ट त्या बाईंनीं केली. सातवीच्या मुलामुलींची पाळी लावून त्यांच्या हातीं ओगराळें दिलें. वाढणाऱ्यानें “वाढूं का?” असें विचारावें, जेवणाऱ्यानें ताटलीवर नुसता हात आडवा न धरतां “पुरे” म्हणावें, आणि शेवटीं सर्वांचें झाल्यावर मावशींना बसवून वाढपी मुलांनीं त्यांस वाढावें. जो मुलगा काल ताटली बडवीत होता, त्याच्या हातीं आज पातेलें आलें. पातेल्याजवळचा चटका, ओळीच्या टोकास पोंचेपर्यंत खिचडी पुरवावयाची काळजी, आणि कोणी तरी विनाकारण ओरडल्यावर होणारा संताप, हीं सगळीं त्यास एकाच दुपारीं कळलीं. दुसऱ्याच्या कामाचा मान ठेवावा हें सांगून फारसें समजत नाहीं. तें काम चार दिवस केलें म्हणजे लवकर समजतें.

हीच युक्ति एका देशानें सबंध राष्ट्राच्या शाळांत लागू केली आहे. जपानांत शाळेच्या जेवणाची सुरुवात १८८९ सालीं यामागाता प्रांतांतील त्सुरुओका गांवीं झाली. एका देवळांतील शाळेंत गरीब मुलांसाठीं भिक्षूंनीं ती केली. १९५४ सालीं शाळेच्या जेवणाचा कायदा झाला, आणि २००५ सालीं आहारशिक्षणाचा निराळा कायदा झाला. तेथें प्राथमिक शाळेंतील मुलें पाळीपाळीनें पांढरे झगे व टोप्या घालून जेवणाचीं भांडीं वर्गांत आणतात, आपल्या सोबत्यांस वाढतात आणि मागून आवरतातही. शिक्षक त्यांच्याबरोबर तेंच अन्न जेवतात. जेवणाचा तो वेळ तेथें शिक्षणाचाच भाग मानलेला आहे. जेवणाच्या आधीं मुलें ‘इतादाकिमासु’ म्हणतात, म्हणजे आम्ही हें नम्रपणें स्वीकारतों. आणि जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दाच्या पोटांत धांवपळ करणें असा जुना अर्थ आहे. आपल्या जेवणासाठीं कोणी तरी धांवलें, त्या धांवण्याबद्दल ते आभार. आमच्या घरांतून जेवणापूर्वीं देवाचें नांव घेण्याची चाल आहे आणि ती चांगली आहे. जेवणानंतर धांवपळ करणारीचें नांव घेण्याची चाल त्या जोडीस घातली, तर देवास राग येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्याकडे शाळेंत स्वयंपाक करणाऱ्या बायांस पगार मिळत नाहीं, मानधन मिळतें. हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. त्यांतील धन किती बेताचें असतें हें ज्यांनीं तें घेतलें त्यांस ठाऊक आहे. आणि केंद्र सरकारच्या हिशेबांत तर तें वर्षांतील दहाच महिन्यांचें धरलेलें आहे. धन इतकें अपुरें असतांना मान तरी पुरता असावयास नको काय? तो देण्यास सरकारी मंजुरी लागत नाहीं. याचा अर्थ मानावर भागवून धन तसेंच राहूं द्यावें असा मात्र कोणीं करूं नये. ज्या मुलांस शिजविणारीचें नांव ठाऊक आहे, तीं पुढें मोठीं होऊन तिच्या वेतनाचाही विचार करतील, इतकीच आमची आशा आहे.

आतां तिसरें माणूस: अधिक भुकेलेलें. सोमवारीं खिचडी कमी पडते, हें आम्हांस त्या मावशींनींच एकदां सांगितलें. माप रोज तेंच, मुलांची संख्या तीच, मग सोमवारींच पातेलें लवकर कां खरवडलें जातें, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “रविवारीं शाळा नसती ना.” यावर अधिक विचारण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

अशाच एका सोमवारीं आठ-नऊ वर्षांच्या एका मुलानें तिसऱ्यांदां ताटली पुढें केली. जवळच्या पोरांनीं “हावरट, हावरट” म्हणून हंसूं केलें. तीं पोरें दुष्ट नव्हतीं; घरीं त्यांना असेंच शिकविलें होतें कीं, पुन्हां पुन्हां मागणें हें वाईट. नियम चांगल्या घरांतलाच होता. पण भरल्या पोटासाठीं केलेला नियम रिकाम्या पोटास लावला म्हणजे तो नियम राहत नाहीं, टोमणा होतो. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा पहिल्याच वाढीस “पुरे” म्हणाला. वाढणारी मुलगी पुढें गेली. सभ्यतेची परीक्षा त्यानें उत्तम दिली, आणि तो अर्धपोटीं राहिला.

मुख्याध्यापिकांनीं हंसणाऱ्यांस शिक्षा केली नाहीं. त्यांनीं वाढण्याची रीतच बदलली. पहिल्यानें सर्वांस थोडें थोडें वाढावयाचें. मग सर्वांच्या पुढें, एकही ताटली न वगळतां, पुन्हां एकदां यावयाचें. आणि उरल्यास तिसऱ्यांदांही तसेंच यावयाचें. आतां तेथें कोणास मागावें लागत नाहीं. ज्यास नको त्यास नको म्हणावें लागतें. लहानांच्या ताटलींत पहिल्यानें कमी पडूं लागल्यामुळें उष्टेंही कमी झालें, हा त्यांतला वरकड फायदा.

हें पाहतांना आम्हांस जुन्या पंगतींतील आग्रहाची आठवण झाली. त्या आग्रहाची नव्या लोकांनीं पुष्कळ थट्टा केली आहे, आणि जिलब्यांच्या पैजा लावून माणसास आडवें करणारा आग्रह थट्टेस पात्रच होता. पण त्याच्या मुळाशीं एक फार नाजूक समजूत होती. भुकेल्या माणसास मागण्याची लाज वाटते. ती लाज त्याच्या अंगावरून काढून वाढणाऱ्यानें आपल्या अंगावर घ्यावयाची. यजमानानें चारचौघांत हट्ट करावयाचा, म्हणजे पाहुण्याची भूक कोणास दिसत नाहीं. दिसतो तो यजमानाचा हट्ट. श्रीमंतांच्या घरीं या सुंदर रीतीचें पुढें प्रदर्शन झालें. तिची खरी जागा शाळेच्या अंगणांत आहे, जेथें भूक खरी असते आणि लाजही खरी असते.

एवढें पाहिल्यावर शिस्तीविषयीं निराळें लिहिण्यासारखें थोडेंच राहतें. जेवतांना अगदीं चिडीचूप बसावें, असा आग्रह धरणाऱ्या शाळा आहेत. आरडाओरडा नसावा हें खरें. पण शेजाऱ्याशीं चार शब्द न बोलतां शेजारधर्म शिकतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. ताटांत टाकूं नये हेंही खरें. पण घशाखालीं उतरत नसतां मुलास दरडावून संपवावयास लावणें हा अन्नाचा मान नव्हे, मुलाचा अपमान आहे. आणि एक गोष्ट तर कोणत्याही शाळेनें कधींही करूं नये. ती ही कीं, गडबड करणाऱ्यास शिक्षा म्हणून जेवणाच्या ओळींत शेवटीं उभें करणें, किंवा त्याचें ताट रोखून धरणें. जेवण हें बक्षीस नव्हे आणि दंडही नव्हे. ज्या दिवशीं शिक्षक अन्नाचा छडीसारखा उपयोग करतो, त्या दिवशीं मुलें एवढेंच शिकतात कीं, ज्याच्या हातीं पळी त्याच्या हातीं सत्ता. आणि पुढें त्यांच्या हातीं पळी आली म्हणजे तींही तशीच वापरतात.

हें सर्व खेड्यांतील सरकारी शाळेविषयीं झालें. आमच्या वाचकांचीं मुलें बहुधा शहरांतील निराळ्या शाळांत जातात, तेथें खिचडी नसते, उपाहारगृह असतें, असें कोणी म्हणेल. तेथें तर या शिक्षणाची गरज अधिक आहे. शहरांतल्या शाळेंत शेजारी पुष्कळसा फीच्या आंकड्यानें निवडलेला असतो. सर्वांत भुकेलेलें मूल त्या दारांत पोंचतच नाहीं. आणि वाढणारा मनुष्य खिडकीपलीकडे असल्यामुळें त्याचा नुसता हातच दिसतो. त्या हातावर नाणीं टाकून “ए, एक वडा दे” म्हणणारा दहा वर्षांचा मुलगा ती भाषा गणिताच्या पुस्तकांतून शिकलेला नसतो. हॉटेलांत बसल्यावर वडील पोऱ्यास कसें बोलावतात, घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंना चहा कोणत्या कपांत मिळतो, आणि तो कप नंतर कोठें ठेवला जातो, हें तें मूल अगदीं शांतपणें पाहत असतें. शाळेनें कितीही पाळ्या लावल्या आणि फळ्यावर कितीही नांवें लिहिलीं, तरी त्या वेगळ्या कपास उत्तर देणें तिला कठीण जातें.

म्हणून शाळांकडे मागणें करण्यापूर्वीं घराघरांतून एक लहानशी गोष्ट करून पाहावी. मूल दुपारीं घरीं आलें म्हणजे आपण त्यास नेमानें विचारतों, “डबा संपविलास का?” हा प्रश्न अन्नाचा झाला. त्याच्या जोडीस आणखी दोन प्रश्न विचारावे: आज तुझ्या शेजारीं कोण जेवावयास बसलें होतें, आणि आज वाढलें कोणीं? मुलानें चटकन् दोन नांवें सांगितलीं, तर तें शाळेंत जाऊन कांहीं तरी शिकून आलें असें खुशाल समजावें. आणि तें गोंधळून आपल्याच तोंडाकडे पाहत राहिलें, तर घरीं स्वयंपाक करणाऱ्या बाईंचें नांव तरी त्यास ठाऊक आहे कीं नाहीं, तें त्याच वेळीं विचारून घ्यावें.